पुलावर मी अडवलेली गाडी

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना माझ्या मेव्हण्याने अर्धा कप स्वतःच्या शर्टावर सांडला होता. फजिती माझी, शर्ट त्याचा, आणि डाग काढायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. तेव्हा कप खाली ठेवा.

मी सतीश चौगुले, मूळचा कराडचा, गेली आठ वर्षं चेन्नईत. एका मोटार कंपनीत नोकरीला आहे. कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी अजून टिकून आहे. माझं काम काय? तर लोक गाड्या घेतात, गाड्या बिघडतात, लोक चिडून तक्रारी लिहितात, त्या मी वाचतो आणि उत्तरं देतो. त्यातही माझ्याकडे खास ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरच्या तक्रारी.

ज्यांनी ऑटोमॅटिक गाडी चालवली नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यं. गिअरच्या दांडीशेजारी अक्षरं असतात. दांडी P वर नेली की गाडी आतून जखडते, म्हणजे पार्किंग. N वर ठेवली की गाडी मोकळी, म्हणजे न्यूट्रल, एका बोटाने ढकला, निघाली. बस, एवढंच शास्त्र. यावर मी आठ वर्षं पगार घेतोय.

तर लोक काय लिहितात? 'मी गाडी P वर ठेवून खाली उतरलो आणि गाडी आपोआप घरंगळत गेली.' कुणाची गाडी शेजाऱ्याच्या फाटकात शिरली, कुणाची भाजीच्या हातगाडीवर गेली. एका गृहस्थाची तर सासुरवाडीच्या ओट्याला धडकली. ते प्रकरण वाचताना मला गाडीपेक्षा जावयाचा जास्त संशय आला होता.

या सगळ्यांना मी एकच उत्तर पाठवायचो. तपासणीत वाहनात दोष आढळला नाही, चालकाने गिअर P वर ठेवला नसावा. हे 'नसावा' फार गुणी आहे बरं का. 'ठेवला नव्हता' म्हटलं की पुरावा द्यावा लागतो. 'नसावा' म्हटलं की समोरचा माणूस स्वतःच विचारात पडतो. खरंच ठेवला होता का मी? त्या दिवशी फोन आला होता का? हिच्याशी भांडत होतो का? आणि बिचारा गप्प बसतो. माझ्या साहेबांना माझं हे कसब फार आवडायचं.

बरं, आता आमच्या बिल्डिंगकडे या. आम्ही राहतो वेलचेरीला. फ्लॅट चोवीस आणि खाली गाड्या मावतात जेमतेम चौदा, म्हणून गाडीमागे गाडी लावायची. सोसायटीचा नियम असा की मागे लावलेली गाडी न्यूट्रलला ठेवायची आणि हँडब्रेक अजिबात लावायचा नाही. म्हणजे सकाळी वॉचमन मुरुगेसन एकेक गाडी ढकलून वाट करून देतो. कपाटातली मागची बरणी काढायला आपण पुढच्या बरण्या सरकवतो ना, तसं. कुणी चुकून हँडब्रेक लावला तर मुरुगेसन सातव्या मजल्यावर ऐकू जाईल अशी बेल वाजवतो आणि वर सेक्रेटरी सुब्रमणियम त्याचं नाव ग्रुपवर टाकतात.

आणि चेन्नई ही अशी सपाट. चढ म्हणून दाखवायला पूल सोडला तर काही नाही. परिणाम काय झाला, तर माझ्या डाव्या हाताला हँडब्रेक नावाची वस्तू आठवेनाशी झाली.

आमच्या वरच्या मजल्यावर रावसर राहतात. हनुमंतराव, निवृत्त गणिताचे शिक्षक, वय बहात्तर. घरात पत्नी कमलाबाई आणि सिरुसेरीच्या आयटी कंपनीत काम करणारी मुलगी वसंती. ही मंडळी तंजावरची मराठी. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं मराठी ते अजून जपून वापरतात. माझं मराठी त्यांना टीव्हीवरच्या बातम्यांसारखं वाटतं, त्यांचं मला जुन्या दस्तऐवजासारखं. पण परमुलखात मराठी माणूस भेटला म्हटल्यावर आमचं जमलं.

इतकं जमलं की सरांचा डावा गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही म्हणून मीच त्यांना आमच्या कंपनीची ऑटोमॅटिक गाडी घ्यायला लावली. पांढरी, छोटी. सर दर रविवारी कमलाबाईंना घेऊन आवडीला, म्हणजे चेन्नईच्या पार दुसऱ्या टोकाच्या उपनगरात, जायचे. तिथे सरकारी क्वार्टर्समध्ये कमलाबाईंची थोरली बहीण असते, बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेली. दोघी बहिणी दुपारभर आपल्या मराठीत बोलत बसायच्या. त्या घरात बाकी सगळे तमिळ बोलतात, थोरलीला मराठी ऐकायला मिळायचं ते फक्त रविवारी.

एके दिवशी खाली धाड असा आवाज झाला. जाऊन बघतो तर सरांची गाडी आपल्या जागेवरून, फाटकाच्या छोट्या उताराने, घरंगळत येऊन सेक्रेटरींच्या स्कूटरला टेकलेली. आत कोणी नाही. सर बाजूला उभे, हातात भाजीची पिशवी.

"सर, काय झालं?"

"मी P त घातलों. किल्ली काढलों. उतरलों. ती आपण होऊन आली."

आता हे वाक्य मी रोज आठ तास वाचतो. माझ्या आतला अधिकारी एकदम ताठ झाला.

"सर, नीट आठवा. P वर की N वर?"

"P त. डोळ्यांनी बघितलों."

"चष्मा होता?"

"होता."

"मनात काही दुसरं चाललं होतं का?"

"वांगी मऊ निघतील काय, हें चाललें होतें."

"बघा," मी म्हणालो, "लक्ष वांग्यांत होतं."

खरं सांगतो, तेव्हा मी वाकून गाडीत साधं डोकावलोही नाही. कशाला डोकावू? आठ वर्षांचा अनुभव! मी तिथल्या तिथे निकाल दिला. सोसायटीच्या नियमाची सवय, सरांनी गाडी न्यूट्रलला ठेवली आणि त्यांना वाटलं P वर ठेवली. या वयात होतं असं. हे वाक्य मी वसंतीसमोर बोललो आणि वर समजुतीच्या सुरात म्हणालो, "आज स्कूटर होती. उद्या कुणाचं मूल असेल."

वसंती घाबरली. कुणीही घाबरेल. तिने त्याच संध्याकाळी सरांची, म्हणजे तिच्या अप्पांची, किल्ली काढून घेतली आणि देव्हाऱ्यात ठेवली, म्हणजे अप्पा तिथे हात घालणार नाहीत. सर मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "चौगुले, मी मुलांस चाळीस वर्षे गणित शिकविलों. P आणि N मज ओळखूं येतात."

"येतातच सर," मी म्हणालो, "पण माणूस आहे, चूक होते."

रविवार बंद पडले. आवडी म्हटलं की टॅक्सीवाले फोनवरच नाही म्हणायचे, शेअर ऑटोत कमलाबाईंचे गुडघे मावत नसत, आणि वसंतीला रविवारीही ऑफिसचे फोन. कमलाबाई बहिणीशी फोनवर बोलायच्या, पण थोरलीला ऐकू कमी येतं. मोठमोठ्याने बोलून दोघीही दमायच्या. आमच्या बाल्कनीत ते ऐकू यायचं. माझी बायको मनीषा माझ्याकडे बघायची आणि मी पेपरात तोंड घालायचो.

मग आला पावसाळा. इकडचा, दिवाळीनंतरचा. वेलचेरीत पावसाचा इशारा आला की लोक आधी दूध, मग मेणबत्त्या घेतात आणि मग गाडी काढून थेट पुलावर नेऊन लावतात. थट्टा नाही. खाली पाणी भरतं, गाड्या इंजिनापर्यंत बुडतात, म्हणून अख्खं वेलचेरी आपापल्या गाड्या पुलाच्या कठड्याला रांगेत लावून घरी येतं. पाणी ओसरलं की परत आणायच्या. पोलिसही आताशा फार ओरडत नाहीत.

त्या दिवशी दुपारी मी माझी गाडी पुलाच्या माथ्याजवळ लावून आलो. तेवढ्यात वसंतीचा सिरुसेरीहून फोन. ती मला अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणते. "अण्णा, मी इथे अडकलेय. अप्पांची गाडी तेवढी वर नेऊन ठेवाल का? अप्पांना चालवायला देऊ नका."

मी किल्ली घ्यायला गेलो. कमलाबाईंनी ती देव्हाऱ्यातून काढून हळदकुंकवाच्या बोटांनी माझ्या हातावर ठेवली. सर छत्री घेऊन तयार.

"गाडी माझी. मी बाजूस बसतों."

नाही कसं म्हणणार? मी रेनकोट चढवला आणि निघालो. पुलावर गर्दी झाली होती. कशीबशी चढावर एक जागा मिळाली, पुढे एक पांढरी गाडी, मागे मोकळं. मी गाडी थांबवली, दांडी P वर नेली, किल्ली काढली.

"हँडब्रेक ओढा," सर म्हणाले.

"सर, P वर टाकलीय. P म्हणजे P. हँडब्रेकची गरज नसते."

"चढ आहे."

"सर," मी हसून म्हणालो, "यातलं मला थोडंफार कळतं."

या वाक्याची आठवण झाली की आजही माझे कान गरम होतात.

मला आठवलं की माझ्या गाडीची मागची काच थोडी उघडी राहिली असावी. 'असावी', बघा, शब्द परत आलाच. सरांना म्हटलं, तुम्ही कोरड्यात बसा, मी दोन मिनिटांत वर बघून येतो. पाऊस आता धो धो लागला होता. मी तीस-चाळीस पावलं चढ चढलो असेन, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "सार! वंडी! वंडी पोगुदु सार!"

वंडी म्हणजे गाडी, आणि पोगुदु म्हणजे चालली. एवढं तमिळ मला आठ वर्षांत आलंय.

मी वळलो. चष्म्यावर पाण्याचे ओघळ. मला दिसलं ते एवढंच की पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत काहीतरी पांढरं हललं आणि चार माणसं हात हलवतायत. आत सर! बहात्तर वर्षांचा माणूस! मी धावलो. आयुष्यात एवढा कधी धावलो नव्हतो. पहिली पांढरी छोटी गाडी दिसली, आमच्याच कंपनीची, तीच. वळसा घालून तिच्या मागे गेलो, दोन्ही हात डिकीवर टेकले, पाय रस्त्यात रोवले आणि डोळे मिटून जीव खाऊन वर रेटलं.

आणि काय सांगू, गाडी थांबली!

माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. एक टनाची गाडी मी एकट्याने तोलून धरली होती. मी ओरडलो, "हेल्प! हेल्प! वांग सार, वांग!" म्हणजे या हो, या. दोघे जण आले, त्यांनीही खांदा लावला. तिघं रेटतोय, गाडी तसूभर खाली येत नाही. मी दातओठ खाऊन म्हणत होतो, "सर, घाबरू नका! मी धरलंय! उतरा! हळूच उतरा!"

डावीकडची काच खाली झाली. आतून एक बाई डोकावल्या. त्यांच्या मांडीवर डबा होता, हातात लिंबूभाताचा घास. मागच्या सीटवर दोन मुलं माझ्याकडे टक लावून बघत होती.

"एन्ना सार वेणुम?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. काय पाहिजे तुम्हाला?

मला त्या कोण हे कळेना. सरांच्या गाडीत या शिरल्या कधी? आणि लिंबूभात कधी काढला?

तेवढ्यात पाठीमागून ओळखीचा आवाज आला. "चौगुले, काय करून आहां?"

मान वळवून बघतो तर सर. छत्री उघडून, धोतराचा सोगा वर धरून, चढ चढून माझ्याशेजारी उभे.

"सर, गाडी धरलीय!"

"ती धरूं नका. ती आपली नव्हे."

मी हात काढले. गाडी हलली नाही. का हलेल? तिच्या मालकाने हँडब्रेक ओढला होता. माझ्या मदतीला आलेले दोघे एकमेकांकडे बघून निघून गेले. बाईंनी काच वर केली.

मग मी मागे पाहिलं. उताराला वीसेक पावलं खाली, एका ऑटोरिक्षापासून दोन विती अंतरावर, सरांची गाडी उभी होती. ती घरंगळायला लागली तेव्हा सर आत होते. त्यांनी हात लांबवून हँडब्रेक ओढला. बस. छत्री घेतली, उतरले आणि मला शोधायला वर आले. हा सगळा वेळ मी तिच्याकडे पाठ करून दुसऱ्याच कुटुंबाच्या जेवणाला टेकू देत होतो.

आम्ही खाली गेलो. सरांनी दार उघडून मला आत बघायला लावलं.

"दांडी कोठे आहे?"

"P वर."

"नीट बघा. P की N?"

"P, सर."

त्यांनी हँडब्रेक किंचित सैल केला. गाडी खाली सरकली. परत ओढला. दांडी P वर आणि चाकं मोकळी! पुढे त्यांनी एक शब्द विचारला नाही. वांग्यांबद्दलसुद्धा नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

इथवर फजितीच होती. पाप पुढे आहे.

घरी आलो तर मी नखशिखांत चिखलात. मनीषाने विचारलं, "हे काय झालं?" मी म्हणालो, "सरांची गाडी पुलावर घरंगळली. मी मागून धरली." बघा, तसं खोटं काय होतं? गाडी घरंगळली होती. मी एक गाडी मागून धरलीही होती. दोन्ही वाक्यं खरी, मधे जरा जागा सोडली होती, एवढंच. आठ वर्षं मी हेच करत आलोय.

मनीषाने ते कौतुकाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात नमस्कारांचे आणि टाळ्यांचे ढीग पडले. सेक्रेटरींनी लिहिलं की आपल्या बिल्डिंगमध्ये असा वीर राहतो याचा अभिमान वाटतो. संध्याकाळपर्यंत ठरलं की शनिवारी माझा पोन्नाडै पांघरून सत्कार करायचा. पोन्नाडै म्हणजे जरीच्या काठाची शाल. इकडे कुणाचं काही चांगलं झालं की आधी शाल येते.

मी जिन्यात सरांना गाठलं. "सर, ते दुसऱ्या गाडीचं..."

"मी कशास बोलूं?" सर म्हणाले. "कोणी विचारलें तर सांगेन. पण हल्ली मज कोणी विचारीत नाही."

मध्यंतरी पाऊस थांबला, पाणी उतरलं. मी माझ्या ओळखीच्या मेकॅनिकला पुलावर नेलं. त्याने दहा मिनिटांत दोष काढून दाखवला. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत एक तार जाते, तिच्या टोकाला सुपारीएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो. तो झिजला होता. त्यामुळे दांडी P वर गेली तरी निरोप आत कधी पोचायचा, कधी नाही. त्याने नवा तुकडा बसवला. मी तो झिजलेला तुकडा खिशात ठेवला आणि दोन रात्री मला झोप लागली नाही. अशी किती पत्रं मी 'नसावा' लिहून परत धाडली होती?

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. भिंतीवर पाणी चढल्याची रेघ अजून ओली होती. सुब्रमणियम यांनी भाषण केलं, त्यात माझ्या धैर्याची, शक्तीची आणि माझ्या मातृभूमीची स्तुती झाली. शाल अंगावर पडली. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले, मान थोडी झुकवली. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मला बरंसुद्धा वाटलं.

मग वसंती बोलायला उठली.

"अण्णांनी अप्पांचा जीव वाचवला," ती म्हणाली. "गाडी दुरुस्त झालीय, दोष गाडीचा होता, अप्पांचा नव्हता, हेही कळलं. पण मी विचार केला. उद्या परत काही बिघडलं आणि तिथे अण्णा नसले तर? अशा वेळी चपळाई लागते, ती अप्पांकडे या वयात कुठून येणार? म्हणून आम्ही गाडी विकायचं ठरवलंय."

सर खाली बघत होते. कमलाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मान भिंतीकडे वळवली. अंगावरची शाल मला जड वाटायला लागली. एवढ्या उकाड्यात जरीची शाल जड वाटणारच, असं मी मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना.

मी उभा राहिलो. "मला काही सांगायचंय."

लोकांना वाटलं आभाराचं भाषण. टाळ्या.

"सरांची गाडी मी थांबवली नाही," मी म्हणालो. "सरांनी थांबवली. आत बसून, एका हाताने, हँडब्रेक ओढून. हँडब्रेक ओढा असं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि गाडी खाली जात होती तेव्हा मी वर उभा होतो. दुसऱ्या गाडीला रेटत."

"कोणत्या दुसऱ्या?" सुब्रमणियम यांनी विचारलं.

"उभ्या. लोक जेवत होते आत."

आधी मुरुगेसन हसला. मग मनीषा हसली, आणि ती हसली म्हटल्यावर सगळं पार्किंग हसलं. मी शाल काढली आणि सरांच्या खांद्यावर घातली. म्हणालो, "स्कूटरच्या वेळी मी गाडीत डोकावूनही बघितलं नव्हतं सर. चूक माझी होती. माफ करा."

सरांनी शाल नीट केली. "गणित चुकलें तर पुन्हा करितात," ते म्हणाले. "रडत नाहीत."

वसंतीने पर्स उघडली आणि किल्ली काढून अप्पांच्या हातात दिली. इतकी चटकन, की जणू ती तयारच होती. कमलाबाईंनी तिथेच बहिणीला फोन लावला आणि उद्या येतों, उद्या येतों, असं तीन वेळा ओरडून सांगितलं.

मला एकदम हलकं वाटलं. आपण काहीतरी थोर केलं असं वाटायला लागलं. चारचौघांत आपली चूक कबूल करायची म्हणजे सोपं काम आहे का? मी वसंतीला म्हणालो, "तू लगेच विश्वास ठेवलास. मला वाटलं होतं तुला पटवावं लागेल."

"मला बुधवारीच माहीत होतं अण्णा," ती म्हणाली.

"सरांनी सांगितलं?"

"अप्पा काही बोलले नाहीत. व्हिडिओ आला. त्या गाडीत मागे बसलेल्या मुलांनी काढलेला. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी पाहिलाय."

"मग आधी बोलली का नाहीस? गाडी विकायचं कशाला म्हणालीस?"

"अप्पांबद्दल तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं, कारण तुम्ही यातले जाणकार. तो निकाल तुमच्याच तोंडून बदलायला हवा होता. मी व्हिडिओ दाखवला असता तर लोक तुम्हाला हसले असते, अप्पांकडे बघितलं नसतं कोणी."

तिने तिच्या मोबाइलवर व्हिडिओ लावून पुढे धरला. मी मोबाइल हातात घेतला. मागच्या काचेतून घेतलेला व्हिडिओ. पाऊस, मिटलेले डोळे, काचेला चिकटलेलं चपटं नाक. रेनकोटच्या टोपीने अर्धा चेहरा झाकलेला, बाकीचा काचेवरच्या पाण्यात विरघळलेला. मी सुटकेचा श्वास सोडला.

"चला, ओळखू येत नाही कोणी," मी म्हणालो. "ऑफिसात तरी कळणार नाही."

"हा पहिला भाग," वसंती म्हणाली. "नंतर मुलगा खाली उतरला आणि त्याने पाठीमागून काढला."

तिने बोटाने पुढचा व्हिडिओ सरकवला. उभ्या गाडीला प्राणपणाने रेटणारी माझी पाठ पडदाभर दिसत होती. कंपनीने मागच्या वर्षी सगळ्यांना वाटलेला रेनकोट, त्यावर हे ठळक कंपनीचं नाव, आणि त्याखाली तितक्याच ठळक अक्षरांत, 'तुमची गाडी, सुरक्षित हातांत.'